घरफोडीनंतर घटनास्थळावर पोलीस नेमके काय करतात आणि त्याला इतका वेळ का लागतो?

घोडबंदरकर (ठाणे पश्चिम)

नमस्कार. मी घोडबंदर मार्गावरील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. अलीकडेच आमच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरील बंद सदनिकेत घरफोडी झाली. कुटुंब गावी गेलेले होते. चोरट्याने मागच्या बाजूने चढून ड्राय बाल्कनीच्या ग्रिलचे गज कापले, आतील खिडकीची काच फोडली आणि कपाटातील दागिने व रोकड नेली. सकाळी शेजारच्या काकूंना कापलेले ग्रिल दिसले, त्यांनी आम्हाला हाक मारली आणि आम्ही ११२ क्रमांकावर कळवले.

पोलीस लवकर आले, याबद्दल तक्रार नाही. मात्र आल्याबरोबर त्यांनी सर्वांना जिन्यापर्यंत मागे हटवले, दारात फीत बांधली, एक शिपाई उभा केला आणि त्यानंतर बराच वेळ काहीच घडताना दिसले नाही. पनवेलहून धावत आलेल्या त्या कुटुंबातील मुलालाही कपाटापर्यंत जाऊ दिले नाही, त्यामुळे नेमके काय गेले आहे हे त्याला सांगता येईना आणि पोलीसही त्याबद्दल आग्रह धरेनात. पुढे ठसे तज्ज्ञ व फॉरेन्सिक व्हॅन आली आणि मग सायंकाळपर्यंत काम चालले. काचेचा एक तुकडा कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला गेला, शेजारच्या काकूंच्या आणि घरात काम करणाऱ्या मावशींच्या बोटांचे ठसे घेतले गेले (मावशी त्यामुळे फारच घाबरल्या), आणि संस्थेच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारे यंत्र) ताब्यात घेताना त्यावरील घड्याळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा काही मिनिटे पुढे असल्याची पंचनाम्यात मुद्दाम नोंद झाली.

या सर्व कामाचा क्रम कसा ठरतो आणि प्रत्येक गोष्टीमागचे कारण काय, हे जाणकारांनी सांगितल्यास संस्थेच्या सभेत ते सभासदांपुढे मांडता येईल. उत्तरे कृपया प्रत्यक्ष कामाच्या माहितीवर आधारित असावीत. दूरचित्रवाणी मालिका आम्हीही पाहतो.

पारसिक (नवी मुंबई)

मी पोलीस दलातून निवृत्त झालो असून सेवेचा बराच काळ तपासकामात गेला आहे. ज्याला आपण "काहीच घडत नव्हते" म्हणता, तो या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होता. घटनास्थळी पहिला पोहोचणारा कर्मचारी बहुधा गस्तीवरचा असतो आणि त्याच्याकडून पुरावा शोधण्याची अपेक्षाच नसते. आत कोणी जखमी आहे का, आरोपी अजून आत दडलेला आहे का, हे पाहणे आणि त्यानंतर जागा आहे त्या स्थितीत राखून ठेवणे, एवढेच त्याचे काम आहे. ते त्याने नीट केले नाही, तर मागून येणाऱ्या तज्ज्ञांच्या पेटीतील कोणतेही साहित्य ती उणीव भरून काढू शकत नाही. २००८ साली नोएडात घडलेल्या दुहेरी हत्याकांडात पहिल्या दिवशी घरात माणसांची ये-जा सुरू राहिली आणि त्याच घराच्या गच्चीवर असलेला दुसरा मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडला. त्या प्रकरणाचा तपास पुढे वर्षानुवर्षे कसा लटपटला, हे सर्वांच्या आठवणीत असेल.

फीत कुठे बांधायची हा निर्णयही वरवर वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडील संकुलांत घटनास्थळ म्हणजे केवळ ती सदनिका नव्हे. चोर ज्या पाइपवरून चढला तो पाइप, ज्या सज्जावर त्याने पाय टेकला तो सज्जा, कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडचा मोकळा भूखंड आणि त्याने वाहन उभे केले असेल ती जागा, हे सर्व त्यातच येते. म्हणून जाणता अधिकारी वेढा सुरुवातीला मोठाच घालतो, कारण नंतर तो आकसता येतो, परंतु तासाभराने वाढवायला गेल्यास तोपर्यंत तिथून दूधवाला, सफाई कामगार आणि शाळेची मुले जाऊन आलेली असतात. आत जाण्या-येण्यासाठी एकच वाट ठरवली जाते, शक्यतो चोराने वापरली नसेल अशी, आणि त्या वाटेने कोण किती वाजता आत गेला याची नोंद ठेवली जाते. श्वान पथक बोलवायचे असेल, तर ते गर्दीच्या आधी यावे लागते. श्वानाने दाखवलेला माग तपासाला दिशा देतो. केवळ त्याच्या भरवशावर शिक्षा होत नाही.

त्यानंतर छायाचित्रे. प्रथम लांबून, म्हणजे इमारतीची मागची बाजू आणि प्रवेशाचा मार्ग. मग मध्यम अंतरावरून, म्हणजे खोलीतील वस्तूंचा परस्परसंबंध दिसेल असे. आणि शेवटी जवळून, एकदा वस्तू आहे तशी आणि एकदा शेजारी मोजपट्टी ठेवून. जवळचे छायाचित्र काढताना कॅमेरा पृष्ठभागाशी काटकोनात हवा, अन्यथा पावलाच्या ठशाची लांबी-रुंदी छायाचित्रावरून मोजता येत नाही. हे होईपर्यंत कोणतीही वस्तू जागची हलवायची नाही, हा नियम आहे. मग कच्चा नकाशा काढतात. त्यात प्रत्येक वस्तूचे अंतर दोन न हलणाऱ्या बिंदूंपासून मोजलेले असते, उदाहरणार्थ दाराची चौकट आणि खोलीचा कोपरा. पलंगापासून मोजून उपयोग नाही. पलंग उद्या सरकेल.

पंचनामा लिहिला जातो तो याच्या बरोबरीने आणि जागेवरच. त्याची भाषा तुम्हाला जुनाट वाटली असेल: जागेची चतुःसीमा, पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दाराला कडी कोणत्या बाजूने, दिवा चालू होता की बंद. परंतु दोन-चार वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला ती खोली पुन्हा डोळ्यांपुढे आणण्यासाठी हेच तपशील उपयोगी पडतात, आणि "कपाट उघडे होते" व "कपाटाचे उजवे दार उघडे, डावे बंद, किल्ली कुलपातच" या दोन नोंदींतील फरक उलटतपासणीत कळतो.

मुलाला कपाटापाशी का जाऊ दिले नाही, याचे उत्तर यातच आहे. चोराने सर्वाधिक हाताळलेली जागा तीच असते. खणांची स्थितीही बोलते. सराईत चोर खालचा खण आधी उघडतो आणि वर सरकत जातो, कारण तसे केल्यास आधीचा खण बंद करण्यात वेळ जात नाही. नवखा किंवा घरातलाच माणूस बहुतेकदा वरून सुरुवात करतो. याला पुरावा म्हणता येणार नाही, पण कोणत्या दिशेने शोध घ्यावा हे त्यावरून ठरते. मुलाने घाईने खण बंद करून पुन्हा उघडले असते, तर तेही गेले असते. गेलेल्या वस्तूंची यादी दुसऱ्या दिवशी पुरवणी जबाबात देता येते.

फॉरेन्सिक पथक साध्या घरफोडीला का आले, असा प्रश्न काही सभासदांना पडला असेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. राहत्या घरातील चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि रात्रीच्या घरफोडीला त्याहून जास्त, त्यामुळे तुमचा गुन्हा त्या मर्यादेत बसतो.

सूक्ष्मदर्शी

वरील माहितीला प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी भर घालतो. मी न्यायसहायक प्रयोगशाळेत काम केलेले आहे.

काचेच्या तुकड्यावर बहुधा रक्ताचा डाग असावा. ग्रिल कापून अंधारात हात आत घालणाऱ्याला काच लागणे अगदी नेहमीचे आहे. रक्त लागलेली वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली, तर आत ओल धरते, बुरशी व जीवाणू वाढतात आणि डीएनए खराब होतो. ठाण्याच्या पावसाळी हवेत तर हे फार लवकर होते. म्हणून डाग सावलीत, हवेवर पूर्ण वाळवून वस्तू कागदात गुंडाळतात आणि काच असल्यास टणक खोक्यात ठेवतात. डाग हलवता न येणाऱ्या जागी असेल, जसे की भिंतीवर, तर निर्जंतुक कापसाच्या बोळ्यावर तो उचलतात आणि शेजारच्या डाग नसलेल्या भागावरूनही एक बोळा फिरवून वेगळा पाठवतात. या दुसऱ्या बोळ्याला लोक निरर्थक समजतात, पण भिंतीच्या रंगामुळे किंवा साबणामुळे चाचणीत काही वेगळे दिसते आहे का, हे त्याच्याविना सांगता येत नाही. कागदाचा नियम मात्र सर्वत्र लागू नाही: जाळपोळीच्या ठिकाणची राख व जळके अवशेष हवाबंद डब्यात किंवा बरणीतच द्यावे लागतात, कारण कागदातून रॉकेल-पेट्रोलची वाफ उडून जाते आणि प्रयोगशाळेत पोहोचते ती नुसती राख.

काच आतून फुटली की बाहेरून, हाही प्रश्न अशा गुन्ह्यात महत्त्वाचा असतो, विशेषतः घरफोडीचा बनाव असल्याची शंका असेल तेव्हा. साध्या काचेवर आघात झाला की आघाताच्या बिंदूपासून किरणांसारख्या पसरणाऱ्या भेगा आघाताच्या विरुद्ध पृष्ठभागावरून सुरू होतात आणि त्या भेगेच्या कडेवर उमटणाऱ्या वक्र रेषा त्याच पृष्ठभागाशी काटकोन करतात. तुकड्याची कड तिरप्या प्रकाशात पाहिली तर हे भिंगाखाली दिसते. परंतु त्या तुकड्याची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती, हेच माहीत नसेल तर हे सारे ज्ञान वाया जाते. म्हणून चौकटीत अडकून राहिलेले तुकडे काढण्यापूर्वी त्यांच्यावर खूण करावी लागते. जमिनीवरची काच कोणी सद्भावनेने झाडून कोपऱ्यात लोटली असेल, तर प्रयोगशाळेला पाठवण्याजोगे फारसे काही उरत नाही.

मावशींना कृपया सांगा की त्यांचे ठसे संशयावरून घेतलेले नाहीत. कपाटावर मिळालेल्या ठशांतून घरातल्यांचे आणि नेहमी वावरणाऱ्यांचे ठसे वजा करावे लागतात. उरतील तेच अनोळखी. हे अनोळखी ठसे राज्याच्या आणि राष्ट्रीय पातळीवरील संगणकीय संग्रहाशी ताडून पाहिले जातात. राष्ट्रीय संग्रह २०२२ पासून कार्यरत आहे. बोटांच्या ठशांची जगातील पहिली शाखा १८९७ साली कलकत्त्यात सुरू झाली आणि वर्गीकरणाच्या पद्धतीमागे अझीझुल हक व हेमचंद्र बोस या आपल्याच दोन पोलीस कर्मचाऱ्यांची मेहनत होती, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते, कारण श्रेय बहुतेक वेळा त्यांच्या साहेबाला दिले जाते.

ठसे उचलण्याची रीत पृष्ठभागावर ठरते. लाकडी पॉलिश, काच, स्टीलचे कपाट यांवर भुकटी मऊ कुंचल्याने हलकेच फिरवतात आणि उमटलेला ठसा पारदर्शक चिकटपट्टीवर घेतात. कागदावर भुकटीपेक्षा निनहायड्रिनचे द्रावण चालते, ते घामातील अमिनो आम्लांशी संयोग पावून जांभळा ठसा दाखवते. ओल्या ग्रिलवर भुकटीचा लगदा होतो, त्यामुळे तो भाग वाळू देतात किंवा ओल्या पृष्ठभागासाठी असलेले मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे मिश्रण फवारतात. कापलेल्या गजाच्या टोकावर करवतीच्या किंवा कटरच्या पात्याच्या बारीक रेघा राहतात. संशयित हत्यार सापडल्यावर ते त्या खाचेत बसते का, हे जागेवर कधीही लावून पाहायचे नसते. त्याने जुन्या रेघा पुसतात आणि नव्या उमटतात. गजाचे ते टोकच, चोराने कापलेली बाजू आणि पोलिसांनी कापलेली बाजू यांवर वेगळी खूण करून, प्रयोगशाळेकडे येते.

रक्ताचा माग घेण्यासाठी फवारला जाणारा, निळा चमकणारा ल्युमिनॉल मात्र अशा गुन्ह्यात सहसा लागत नाही. तो गंजावर आणि ब्लीचवरही चमकतो, त्यामुळे त्याच्या चमकण्यावरून रक्तच आहे असे कोणी म्हणत नाही.

येऊरवासी

माहिती उत्तम आहे, पण वस्तुस्थिती सर्वत्र अशी नाही, हे नोंदवणे आवश्यक वाटते. आमच्या इमारतीत नवे कायदे लागू झाल्यानंतर घरफोडी झाली, तेव्हा एक हवालदार आले, मोबाइलवर काही छायाचित्रे घेतली, पंचनामा केला आणि गेले. तज्ज्ञ कोणी आले नाहीत. मला पंच म्हणून बोलावले होते. लिहून झालेला पंचनामा मला वाचून दाखवला गेला, पण मी तो स्वतः वाचण्याचा आग्रह धरला आणि त्यात बाल्कनीच्या जागी शयनगृह लिहिले गेले होते, ते दुरुस्त करून घेतले. पंच होणाऱ्यांनी एवढे तरी करावे.

घोडबंदरकर (ठाणे पश्चिम)

सर्वांचे आभार. मावशींना समजावून सांगितले आहे. आता तीन गोष्टी विचारतो. आमचे एक ज्येष्ठ सभासद पंच आहेत आणि त्यांना न्यायालयाच्या फेऱ्यांची धास्ती वाटते. पंच होण्यास नकार देता येतो का? डीव्हीआरच्या बाबतीत संस्थेला पुढे काही करावे लागेल का? आणि दागिने सापडलेच, तर ते खटला संपेपर्यंत पोलीस ठाण्यातच राहणार का?

कोर्टनाका (ठाणे)

मी ठाण्यात फौजदारी वकिली करतो. आधी येऊरवासी यांच्या मुद्द्याबद्दल. कलम १७६(३) मधील तज्ज्ञाच्या भेटीची सक्ती राज्य शासन अधिसूचित करील त्या तारखेपासून, पाच वर्षांच्या आत, लागू करायची अशी तरतूद आहे. त्यामुळे व्यवहारात ठिकठिकाणी फरक दिसणे स्वाभाविक आहे, आणि तज्ज्ञ आले नाहीत एवढ्यावरून खटला कोसळत नाही. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण मात्र कलम १०५ ने बंधनकारक केले असून जप्त वस्तूंची यादी करणे व त्यावर साक्षीदारांनी सही करणे हा भागही त्या चित्रीकरणात यावा लागतो. त्यासाठी पोलीस ई-साक्ष्य हे ॲप वापरतात. माझ्या मते नव्या कायद्यातील सर्वांत मोठा बदल हाच आहे. आजवर पंच फितूर झाला की पंचनामा लुळा पडायचा. "मी ठाण्यात जाऊन कोऱ्या कागदावर सही केली" असे तो सांगायचा आणि आम्ही वकील ते उचलून धरायचो. आता तोच माणूस चित्रफितीत बाल्कनीत उभा दिसतो.

झडतीसाठी त्याच परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावण्याची तरतूद कलम १०३ मध्ये आहे. लेखी आदेशाने बोलावल्यावर योग्य कारणाशिवाय नकार देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२२ खालील अपराध ठरतो. वय, आजारपण ही कारणे अधिकारी सहसा मान्य करतात आणि दुसरा पंच शोधतात, परंतु तुमच्या सभासदांची सही आधीच झालेली असल्यामुळे तो प्रश्न आता उरलेला नाही. समन्स आले तरच त्यांना न्यायालयात यावे लागेल, आणि साक्षीपूर्वी पंचनामा वाचून स्मृती ताजी करण्यास कायद्याची मुभा आहे.

न्यायालयात आम्ही सर्वाधिक वेळ ज्यावर घालवतो, ते म्हणजे वस्तूचा प्रवास. घटनास्थळी सील झालेला काचेचा तुकडा कोणाच्या ताब्यात होता, मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत तो कधी चढला, कलिन्याच्या प्रयोगशाळेत कोणी नेला, तिथे पोहोचला तेव्हा सील शाबूत होते का आणि सीलचा नमुना जुळला का. यात दोन दिवसांची जरी पोकळी राहिली, तरी बचाव पक्ष तिथे बोट ठेवतो, मग डीएनएचा अहवाल कितीही स्पष्ट असो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका खून खटल्यात, ज्यात आरोपीला फाशी सुनावली गेली होती, डीएनए नमुन्यांच्या हाताळणीतील त्रुटी पाहून त्याला निर्दोष सोडले आणि देशभरासाठी निर्देश दिले: नमुना गोळा केल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, उशीर झाल्यास त्याचे कारण नोंदवले पाहिजे आणि हस्तांतराची नोंदवही सुरुवातीपासून अखेरपर्यंत ठेवली पाहिजे.

डीव्हीआरवरील घड्याळाची नोंद ज्या अधिकाऱ्याने केली, तो जाणता आहे. ती नसती तर चित्रीकरणातील वेळ, चोराच्या मोबाइलची टॉवरवरील वेळ आणि सुरक्षारक्षकाचा जबाब यांचा मेळ बसला नसता. इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात येण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्राची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात, स्पष्ट केली होती. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे नोंदीत फेरफार झाला आहे का हे ओळखता येणारा सांकेतिक आकडा, द्यावे लागते. पहिला भाग संस्थेतर्फे तुम्हालाच भरावा लागण्याची शक्यता आहे, तेव्हा डीव्हीआर कोणी बसवला, पासवर्ड कोणाकडे असतो आणि यंत्र त्या रात्री व्यवस्थित चालू होते का, याचे टिपण आताच करून ठेवा. सभासदांपैकी कोणी पडद्यावरचे दृश्य मोबाइलने टिपून संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले असेल, तर ते पुढे पसरवू नये. ओळख परेडीला त्याने थेट बाधा येते.

दागिन्यांबद्दल निश्चिंत असावे. ते जप्त होऊन न्यायालयापुढे आले, की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ नुसार न्यायालयाने १४ दिवसांत त्यांचे वर्णनपत्र करायचे असते, छायाचित्रे काढून घ्यायची असतात आणि त्यानंतर ३० दिवसांत त्यांच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायचा असतो. कुटुंबाने मालकीच्या पावत्या, आणि पावत्या नसल्यास ते दागिने अंगावर असलेली लग्नकार्यातील छायाचित्रे, जोडून अर्ज करावा. दागिने सुपूर्तनाम्यावर परत मिळतात, म्हणजे ते मोडायचे किंवा विकायचे नाहीत आणि न्यायालयाने मागितल्यास हजर करायचे. पुरवणी जबाबात वजन व घडण जितकी नेमकी लिहिली जाईल, तितका हा अर्ज लवकर निघतो, त्यामुळे त्या मुलाला आधी सराफाकडून जुन्या नोंदी मिळवायला सांगा.